नेहमी, कधीतरी, कधीच नाही: इंग्रजी वाक्यात हे शब्द नेमके बसवायचे कुठे?

मागच्या आठवड्यात नववीतल्या एका पोरीची वही तपासत होतो, विषय होता आपल्या आईबद्दल दहा वाक्यं, आणि तिसऱ्याच ओळीत लिहिलेलं, "माय मदर इज ऑलवेज मेक्स भाकरी." अक्षर मोत्यासारखं, स्पेलिंग एकही चुकलेलं नाही, तरी वाक्य चूक. तिला विचारलं, हे इज कुठून आलं गं? तर म्हणे, सर, आई नेहमी भाकरी करत असते ना, मग त्या "असते"चं इज. पोरीने मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून उतरवलं होतं, आणि खरं सांगतो, तिची काही चूक नाही, तिला हे कोणी बसून सांगितलंच नव्हतं.

मी चोपडा तालुक्यात एका खेड्यावर संध्याकाळचा क्लास घेतो. ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाईम्स, नेव्हर या शब्दांवरून मी वह्यांमधे जेवढे लाल गोल केलेत तेवढे दुसऱ्या कशावरून केले नसतील. बोलताना हे शब्द कुठेही पडले तरी समोरच्याला कळतं, चालून जातं. पण अर्जात, ईमेलमधे, परीक्षेच्या पेपरात तेच डोळ्याला खुपतं, आणि काही ठिकाणी तर अर्थच उलटा होतो, ते पुढे सांगतोच. म्हणून हे सगळं एकदा अगदी पहिल्यापासून आपल्या भाषेत लिहून ठेवतोय. ज्याला इंग्रजीत एक साधं वाक्य लिहिता येतं त्याला एवढं पुरेल.

आधी हे बघा की चूक होते कशामुळे

मराठीत "आई नेहमी पहाटे उठते" म्हणा, "नेहमी आई पहाटे उठते" म्हणा, नाहीतर "आई पहाटे उठते नेहमी" म्हणा, तिन्ही चालतात, फक्त जोर इकडून तिकडे सरकतो. कारण आपल्याकडे कोणी कोणाला काय केलं हे आईने, आईला, आईचं अशा प्रत्ययांवरून कळतं, शब्द हलवला तरी अर्थ सांडत नाही. इंग्रजीत तसले प्रत्यय फारसे उरलेले नाहीत, तिथे शब्दाची जागाच अर्थ सांगते. भुसावळला जनरलच्या डब्यात चढलं की जिथे जागा दिसेल तिथे टेकायचं, आणि रिझर्व्हेशनच्या डब्यात तिकिटावर जो नंबर आहे तिथेच बसायचं, तसं आहे हे. आपले नेहमी, कधीकधी हे जनरलवाले. इंग्रजीतले ऑलवेज, समटाईम्स रिझर्व्हेशनवाले.

आता पहिलं काम, आणि हे सोडून पुढे जाऊ नका: वाक्य लिहिलं की आधी त्यातलं क्रियापद शोधा. ऑलवेज कुठे टाकू हा प्रश्न नंतर. पेन्सिलने क्रियापदाखाली रेघ मारायची, आणि एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांखाली मारायची. "शी कुक्स" मधे एकच रेघ, "शी इज टायर्ड" मधे इजखाली एक, "शी हॅज कुक्ड" मधे दोन, "शी कॅन कुक" मधे दोन, "द फूड हॅज बीन कुक्ड" मधे तीन. माझ्याकडची पोरं पहिला महिनाभर फक्त रेघाच मारतात, त्यांना कंटाळा येतो, पण ज्याची रेघ बरोबर त्याची जागा आपोआप बरोबर येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

किती वेळा म्हणजे कोणता शब्द

हे शब्द पाठ करताना नुसते अर्थ पाठ करू नका, महिन्याचे ३० दिवस डोळ्यासमोर आणा. तीसच्या तीस दिवस होतं ते ऑलवेज. चोवीस-पंचवीस दिवस होतं, एखाद दिवशी खाडा, ते युज्वली. अठरा-वीस दिवस ते ऑफन. आठ-दहा दिवस ते समटाईम्स. दोन-तीन दिवस ते ऑकेजनली. एखादाच दिवस ते रेअरली, त्यालाच सेल्डम पण म्हणतात पण सेल्डम हल्ली पुस्तकात जास्त आणि बोलण्यात कमी. आणि एकही दिवस नाही ते नेव्हर. हे आकडे काही कायदा नाहीत, शिकायच्या सोयीसाठी मी धरलेत, पण त्याने युज्वली आणि ऑफन यातला फरक डोक्यात बसतो.

आपल्याकडे "अनेकदा"ला सरळ "मेनी टाइम्स" लिहायची सवय आहे. "मेनी टाइम्स ही कम्स लेट." कळतं, पण "ही ऑफन कम्स लेट" हे इंग्रजीचं स्वतःचं वाक्य आहे, तेच लिहा. तसंच "मोस्ट ऑफ द टाइम" मधे टाइमच्या शेवटी एस लावू नका, तिथे वेळ हा एकच आहे. आणि समटाईम्सच्या शेवटी मात्र एस पाहिजेच, तो काढला तर समटाईम म्हणजे "पुढे केव्हातरी" होतं, आणि तोडून सम टाइम असं लिहिलं तर "थोडा वेळ" होतं. तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एका अक्षराने आणि एका मोकळ्या जागेने बदलतात.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जे कायमचंच आहे त्याला ऑलवेज लावू नका. "तापी पश्चिमेला वाहते" हे "द तापी फ्लोज वेस्ट" एवढंच. तिथे ऑलवेज टाकलं तर वाचणाऱ्याला वाटेल की बाकीच्या नद्या कधी पश्चिमेला कधी पूर्वेला वाहतात की काय. निबंधात वाक्य भरायला पोरं ऑलवेज टाकतात, मी ते खोडतो.

आता जागा

एकच रेघ असेल, आणि ते क्रियापद कामाचं असेल, म्हणजे खाणं पिणं जाणं लिहिणं असलं काही, तर हा शब्द क्रियापदाच्या अगदी आधी. "शी ऑलवेज मेक्स भाकरी." "वी युज्वली इरिगेट ॲट नाईट." "दे नेव्हर वेस्ट वॉटर." करणारा, मग कितीदा, मग काम. एवढंच.

इथे दोन चुका होतात. एक म्हणजे ऑलवेज मधे आलं की पोरं क्रियापदाचा एस विसरतात, "शी ऑलवेज मेक" लिहितात. मधे कोणीही येऊन बसलं तरी ही, शी, इट किंवा एकटं नाव असेल तर एस जागचा हलत नाही. यासाठी मी आमच्याकडच्या पोरांना अहिराणी आठवायला लावतो. "मन्ही माय रोज वावरमा जास." जास, येस, करस, खास, शेवटी स आलाच ना? इंग्रजीचं "गोज, कम्स" याच्याशी त्याचं नातं काही नाही, पण कानाला ती खूण लगेच पटते. फक्त एवढं सांगावं लागतं की अहिराणीत मी पण जास आणि तो पण जास, इंग्रजीत मात्र हा स फक्त त्याला आणि तिला मिळतो, मला आणि तुला नाही. शहरात गेलं की पोरं अहिराणी बोलायला लाजतात, आणि इथे तीच अहिराणी इंग्रजीच्या पेपरात मार्क वाचवते, याचा मला फार आनंद होतो.

दुसरी चूक म्हणजे क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधे घुसणं. "आय ड्रिंक ऑलवेज टी." "ही रीड्स ऑफन न्यूजपेपर." असं नाही. पिणं आणि चहा, वाचणं आणि पेपर यांची गाठ इंग्रजीत घट्ट असते, तिथे मधे कोणाला घुसू देत नाहीत. "आय ऑलवेज ड्रिंक टी." "ही ऑफन रीड्स द न्यूजपेपर."

आता एकच रेघ आहे पण ती ॲम, इज, आर, वॉज, वेअर यातल्या कोणाखाली आहे, तर हा शब्द त्याच्या नंतर. "शी इज ऑलवेज बिझी." "द रोड वॉज ऑफन मडी." "आय ॲम नेव्हर लेट." आधीच्या नियमाच्या बरोबर उलट, म्हणूनच गोंधळ होतो. त्या पोरीच्या वहीत नेमकं हेच झालं होतं, दोन वाक्यं एकात एक अडकली होती. तिला काय म्हणायचंय ते तिनेच ठरवायला हवं होतं. भाकरी करते म्हणायचं तर "मेक्स" आहे, मग इज नको: "माय मदर ऑलवेज मेक्स भाकरी." कामात असते म्हणायचं तर इज आहे, मग मेक्स नको: "माय मदर इज ऑलवेज बिझी." इज आणि एसवालं क्रियापद एका वाक्यात शेजारीशेजारी दिसलं की थांबा, दोघांतला एक तुम्हाला नकोय.

आणि रेघा दोन किंवा तीन असतील तर पहिलीच्या नंतर. बैलजोडी आठवा, दोन बैलांच्या मधे गाडीच्या दांडीची जागा असते तशी. "आय हॅव ऑलवेज लिव्ह्ड इन खान्देश." "यू शुड नेव्हर साइन अ ब्लँक पेपर." "वी विल ऑलवेज रिमेंबर यू." तीन असले तरी पहिलीच्याच नंतर: "द पेमेंट हॅज नेव्हर बीन लेट" मधे दोन, "द गुड्स हॅव ऑलवेज बीन डिलिव्हर्ड ऑन टाइम" मधे तीन, पण जागा तीच.

इथे हॅव या शब्दाला जरा जपा. हॅव कधी मदतनीस असतो, म्हणजे पुढच्या क्रियापदाला नुसता हात देतो, आणि कधी स्वतःच कामाचा असतो. "आय हॅव नेव्हर सीन स्नो" मधे तो मदतनीस आहे, त्याच्यापुढे सीन आहे, म्हणून नेव्हर त्याच्या नंतर. पण "वी युज्वली हॅव टी ॲट सिक्स" मधे हॅव म्हणजे घेणं, तोच मेन, म्हणून युज्वली त्याच्या आधी. "वी ऑफन हॅव टू वेट" मधेही आधीच. आणि "यूज्ड टू" आलं तर शब्द त्याच्याही आधी ठेवा, "माय ग्रँडफादर ऑलवेज यूज्ड टू वेअर अ व्हाइट टोपी", बोलण्यात लोक मधेही टाकतात, लिहिताना आधी ठेवलेलं बरं दिसतं.

प्रश्न विचारताना फार काही बदलत नाही. मदतनीस पुढे जातो, मग करणारा, आणि करणाऱ्याच्या लगेच मागे आपला शब्द. "डू यू ऑलवेज गो बाय बस?" "इज शी युज्वली ॲट होम?" "डझ ही ऑफन कॉल?" डझ आलं की एस डझने घेतला, कॉलला परत लावू नका. आणि "कधी तरी, एकदा तरी" असं विचारायचं असेल तर एव्हर: "डू यू एव्हर रिग्रेट इट?"

कधीच आणि नाही

आता सगळ्यात मोठी गोष्ट, आणि इथे वेळ घ्या.

मराठीत एकदाही नाही या अर्थाने "कधीच" आलं की मागून "नाही" येतंच. "मी कधीच खोटं बोलत नाही." नुसतं "मी कधीच खोटं बोलतो" असं वाक्य आपल्याकडे होतच नाही. अहिराणीत "नही" लागतं, हिंदीत "कभी नहीं" लागतं. म्हणजे आपल्या कानाला लहानपणापासून दोन शब्द मिळून एक नकार ऐकायची सवय. इंग्रजीत नेव्हरच्या पोटात नाही आधीच आहे. त्याला परत डू नॉट जोडलं की दोन नकार होतात आणि अर्थ फिरतो.

माझा चुलत भाऊ केळीच्या पॅकहाऊसमधे काम बघतो, आपल्या भागातून केळी आखाती देशात जाते हे तुम्हाला माहीतच आहे. त्याने एका नवीन खरेदीदाराला मेल लिहिला. सुरुवात छान केली होती, जळगावच्या केळीला २०१६ मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय वगैरे, आणि मग लिहिलं, "वी नेव्हर डू नॉट पॅक डॅमेज्ड बनानाज." त्याच्या मनात वाक्य होतं, आम्ही डाग पडलेली केळी कधीच पॅक करत नाही. कागदावर उतरलं ते असं की डागी केळी पॅक करत नाही असं आमच्याकडून कधीच होत नाही, म्हणजे नेहमी करतो! समोरून उत्तर आलं, म्हणजे तुम्ही डागी माल पाठवता का? फोन करून सगळं निस्तरलं, पण तो दिवसभर अस्वस्थ होता, आणि मी पण, कारण त्याला आठवीत असताना इंग्रजी मीच शिकवलंय. बरोबर वाक्य होतं, "वी नेव्हर पॅक डॅमेज्ड बनानाज." चार शब्द झाले की पाचव्याला माल. नॉट कुठेच नाही.

तेव्हा पक्कं करा: नेव्हर, रेअरली, सेल्डम, हार्डली एव्हर हे चौघं नाही घेऊनच जन्माला आलेत. यांच्या वाक्यात नॉट नको, नोबडी नको, नथिंग नको. "आय नेव्हर सेड नथिंग" नाही, "आय नेव्हर सेड एनिथिंग."

हार्डलीबद्दल वेगळं सांगतो कारण शिफारसपत्रात मी हे खरोखर लिहिलेलं पाहिलंय. "तो खूप मेहनत करतो" याचं लोक "ही हार्डली वर्क्स" करतात. त्याचा अर्थ होतो तो जवळजवळ काहीच काम करत नाही. मेहनतीला "ही वर्क्स हार्ड", ली नको आणि जागा क्रियापदाच्या नंतर. एका ली ने पोराची नोकरी जाऊ शकते.

"सहसा" हा शब्दही असाच फसवतो. मराठीत सहसा बहुतेक नकाराबरोबरच येतो, "तो सहसा रागवत नाही". त्याचे इंग्रजीत दोन रस्ते, "ही युज्वली डझ नॉट गेट अँग्री" किंवा "ही रेअरली गेट्स अँग्री". पण दोन्ही रस्ते एकत्र करून "ही रेअरली डझ नॉट गेट अँग्री" लिहिलं तर तो बहुतेक वेळा चिडलेलाच असतो असा अर्थ होईल.

मग नॉट वापरायचंच असेल तर ऑलवेज, ऑफन, समटाईम्स कुठे? ऑलवेज कायम नॉटच्या नंतर. "ही डझ नॉट ऑलवेज कम." म्हणजे तो दर वेळी येतोच असं नाही, कधी येतो कधी नाही. "ही ऑलवेज डझ नॉट कम" असं लिहू नका, कधीच येत नाही म्हणायचं तर नेव्हर आहे ना. समटाईम्स बरोबर उलटा, तो नॉटच्या आधी: "ही समटाईम्स डझ नॉट कम."

आणि ऑफन दोन्हीकडे बसतो, पण जागा बदलली की अर्थ बदलतो, आणि हे मी पैसे मोजून शिकलोय. आमच्या विहिरीवरची मोटर चार-पाच वेळा बटण दाबलं की एकदा दोनदा चालू व्हायची नाही, बाकी वेळा सुरळीत. सर्व्हिसवाल्यांना इंग्रजीत मेल पाठवायचा होता, मी घाईघाईत लिहिलं, "द मोटर डझ नॉट ऑफन स्टार्ट." याचा अर्थ होतो, मोटर क्वचितच चालू होते. त्यांनी मोटर गेलीच असं धरलं आणि ती काढून न्यायला माणूस आणि गाडी पाठवली, गाडीभाडं माझ्या माथी. मला लिहायचं होतं, "द मोटर समटाईम्स डझ नॉट स्टार्ट." बऱ्याचदा बंद पडते असं असतं तर "द मोटर ऑफन डझ नॉट स्टार्ट." तीन वाक्यं, तेच तेच शब्द, आणि तीन वेगळ्या मोटरी. तक्रार लिहिताना ऑफन आणि नॉट यांच्यात कोण आधी हे दोनदा वाचा. नॉट आधी आला की तो ऑफनलाच खोडतो, बऱ्याचदा "नाही". ऑफन आधी आला की न होणं बऱ्याचदा घडतं.

रोज, आठवड्यातून दोनदा, दर शनिवारी

आतापर्यंतचे शब्द मोघम होते. नेमकं किती वेळा हे सांगणारे शब्द वेगळ्या जागी बसतात, वाक्याच्या शेवटी. एव्हरी डे, ट्वाइस अ वीक, वन्स अ मंथ, ऑन सॅटरडेज. "आय गो टू अमळनेर ट्वाइस अ वीक." आधी ठिकाण, मग वेळ. जोर द्यायचा असेल तर अगदी सुरुवातीला पण चालतात, "एव्हरी मॉर्निंग शी वॉटर्स द प्लँट्स", मधे मात्र नाही. "आय एव्हरी डे गो" हे नाही चालत. "आय डेली गो टू मार्केट" हे तर आपल्याकडे सर्रास, बहुतेक मराठीतल्या "मी रोज बाजारात जातो" चा साचा आहे तो, पण डेली पण शेवटीच: "आय गो टू द मार्केट डेली", नाहीतर सरळ एव्हरी डे लिहा, ते जास्त नैसर्गिक.

एव्हरी डे हे दोन शब्द तोडून लिहिले तर "दररोज". जोडून लिहिले तर "रोजचा", म्हणजे विशेषण, "एव्हरीडे क्लोद्स" म्हणजे रोजचे कपडे. पेपरात याच्यावर प्रश्न येतात.

सुरुवातीला कोण बसू शकतं

समटाईम्स, युज्वली, ऑकेजनली हे वाक्याच्या सुरुवातीलाही बसतात, "समटाईम्स वी ईट शेवभाजी ॲट अ ढाबा." ऑलवेज आणि नेव्हर साध्या वाक्यात सुरुवातीला बसत नाहीत, "ऑलवेज ही कम्स लेट" चूक. पण हुकूम किंवा सूचना असेल तर ते पहिलेच: "ऑलवेज रीड द लेबल." "नेव्हर टच अ वेट स्विच." औषधाच्या डब्यावर, फवारणीच्या बाटलीवर तुम्ही हे वाचलं असेल, करणारा "तू" तिथे लिहिलेलाच नसतो म्हणून तो शब्द पुढे दिसतो.

नेव्हर, रेअरली, सेल्डम मुद्दाम ठसक्यात पुढे आणले तर मागचं वाक्य प्रश्नासारखं उलटतं, "नेव्हर हॅव आय सीन सच अ क्रॉप", "रेअरली डझ ही कंप्लेन". प्रश्न नाहीये, तरी मदतनीस पुढे. हे भाषणात आणि निबंधात शोभतं, अर्जात नको. नवीन असाल तर फक्त ओळखता आलं तरी पुष्कळ.

करत असतो चं काय करायचं

मराठीत सवय सांगायला आपण "असतो" लावतो. तो रोज फोन करत असतो. मी पहाटे फिरायला जात असते. त्यावरून पोरं इज आणि आयएनजी लावतात, "ही इज डेली कॉलिंग मी". इंग्रजीत सवयीला साधा वर्तमानकाळच, "ही कॉल्स मी एव्हरी डे". आयएनजी हे आत्ता चाललेल्या कामाचं.

पण एक अपवाद आहे आणि तो अंगाशी येऊ शकतो. इज, ऑलवेज आणि आयएनजी तिन्ही एकत्र आले तर बऱ्याचदा त्यात वैताग येतो. "ही इज ऑलवेज आस्किंग क्वेश्चन्स" म्हणजे सारखा प्रश्न विचारून डोकं खातो. "ही ऑलवेज आस्क्स क्वेश्चन्स" म्हणजे नेहमी प्रश्न विचारतो, साधी माहिती. साहेबांबद्दल लिहिताना "माय मॅनेजर इज ऑलवेज चेकिंग माय वर्क" लिहिलंत तर तुम्ही तक्रार करताय असं वाटू शकतं, मनात नसलं तरी.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. "सेल्डम ऑर एव्हर" हे चूक, बरोबर "सेल्डम ऑर नेव्हर" किंवा "सेल्डम, इफ एव्हर". आणि प्रश्नाचं शेपूट, म्हणजे क्वेश्चन टॅग, जोडताना नेव्हर, रेअरली, हार्डली असलेलं वाक्य नकारार्थी धरायचं, म्हणून शेपूट होकारार्थी: "ही नेव्हर लाइज, डझ ही?" नॉट दिसत नाही म्हणून "डझन्ट ही" लिहून मार्क घालवणारी पोरं मी दरवर्षी बघतो.

करून बघा

खालची वाक्यं आधी स्वतः लिहा, रेघा मारा, मगच पुढचं वाचा.

"आजी कधीच उशिरा उठत नाही." उठणं हे काम, एकच रेघ, नेव्हर त्याच्या आधी, नॉट नको: "माय ग्रँडमदर नेव्हर गेट्स अप लेट." एस विसरला असाल तर परत लिहा.

"मे महिन्यात जळगावचा पारा बऱ्याचदा ४४ च्या वर जातो." "इन मे, द टेंपरेचर इन जळगाव ऑफन गोज अबव्ह ४४ डिग्रीज."

"हिवाळ्यात आमच्याकडे नेहमी शेतात भरीत पार्टी असते." इथे बहुतेक जण फसतात कारण मराठीत "असते" आहे म्हणून इज लावावंसं वाटतं. "इन विंटर वी ऑलवेज हॅव अ भरीत पार्टी ऑन द फार्म." हॅव इथे मेन आहे, म्हणून ऑलवेज त्याच्या आधी.

"या रस्त्यावर रात्री दर वेळी लाईट असतातच असं नाही." "द लाइट्स ऑन धिस रोड आर नॉट ऑलवेज ऑन ॲट नाईट." आर, मग नॉट, मग ऑलवेज. नेव्हर लिहिलं असेल तर तुम्ही कधीच नसतात असं म्हणालात, ते खोटं होईल.

"तू कधी पाटणादेवीला गेलायस का?" "हॅव यू एव्हर बीन टू पाटणादेवी?" गेला नसाल तर उत्तर "नो, आय हॅव नेव्हर बीन देअर", हॅवच्या लगेच नंतर नेव्हर. आणि नुसतं तोडकं उत्तर द्यायचं असेल तर मागे दुसरं क्रियापद उरतच नाही, तेव्हा नेव्हर हॅवच्या आधी येतो, "नो, आय नेव्हर हॅव."